मैलाटाकीचा कॉक कसा निवडावा



आजचा विषय ऐकून कोणी नाक मुरडले असेल, तर त्यात नवल नाही. पण एवढे लक्षात घ्या, की ज्या कामाला आपण नाक मुरडतो ते काम आपल्यासाठी दुसरे कोणीतरी करीत असते, आणि त्याला नाक मुरडायची सोय नसते. आजचे बोलणे त्या दुसऱ्या माणसासाठी आहे.

आषाढीच्या वारीत माउलींची पालखी सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस असे मुक्काम करीत वाखरीला येते. मुक्कामाच्या गावी एका रात्रीत माणसांचा पूर लोटतो. गावातली शौचालये कितीशी पुरणार? म्हणून फिरती शौचालये आणून उभी करतात. जत्रा, मोठी सभा, बांधकामाचा तळ, अशा ठिकाणीही ती आता दिसू लागली आहेत. अमेरिकेत तर संसारासकट हिंडणाऱ्या घरगाड्या पुष्कळ वर्षांपासून आहेत. आणि आपल्या राज्यानेही अशा गाड्यांतून प्रवासाला चालना देण्याचे धोरण २०२१ साली जाहीर केले. घरगाडी असो की ट्रॅक्टरला जोडायची शौचालयाची ट्रॉली असो, गोष्ट एकच. वर बसायची सोय, खाली टाकी, आणि टाकीच्या बुडाशी ती रिकामी करण्याचा कॉक, म्हणजे व्हॉल्व्ह.

आता होते काय, की ट्रॉली तयार करताना पत्रा चांगला घेतात, रंग झकास देतात, वर देणगीदारांची नावेही लिहितात. आणि कॉक? तो दुकानात जो पडलेला असेल तो! हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशी गत. मग तो कॉक तुंबतो. टाकीत साठलेले बाहेर येत नाही. आणि शेवटी कोणातरी गरिबाला सांगितले जाते, ‘जरा हात घालून बघ रे.’

हा ‘हात घालून बघ’ मोठा घातकी आहे. बंद टाकीत मैला कुजला की विषारी वायू तयार होतात. त्यांतल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले म्हणजे नाकाची शक्तीच बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते हवा सुधारली, आणि तो वाकतो तो तिथेच कोसळतो. त्याला काढायला दुसरा वाकतो, तोही जातो. माणसाच्या हाताने मैला साफ करवून घेण्यास आणि संरक्षक साधनांशिवाय माणसाला मैलाटाकीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांना भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. तेव्हा ती दहा लाख रुपये होती, २०२३ साली तीस लाख झाली. पण भरपाईने माणूस परत येत नाही. तो टाकीजवळ वाकूच नये, अशी सोय आधी करावी. त्या सोयीची सुरुवात कॉकपासून होते.

तर मग कॉक कोणता घ्यावा?

पहिली गोष्ट मापाची. पाइपाचा व्यास दुप्पट केला की त्याचे तोंड चौपट मोठे होते. दीड इंची आणि तीन इंची पाइपांत दिसायला फरक दुपटीचा, पण तीन इंचीची वाट चौपट मोकळी. अमेरिकेतल्या घरगाड्यांत मैल्याची टाकी वेगळी आणि आंघोळीच्या, भांड्यांच्या पाण्याची वेगळी असते. मैल्याला तीन इंची कॉक, सांडपाण्याला बहुधा दीड इंची. आपणही मैल्याला तीन इंचांच्या खाली जाऊ नये. मात्र कॉक घेण्याआधी टाकी उपसायला जी गाडी येणार, तिच्या पाइपाचे तोंड किती इंची आहे आणि जोड कोणत्या पद्धतीचा आहे, हे विचारून घ्यावे. जोड बसला नाही तर सगळा मैला जमिनीवर.

दुसरी गोष्ट जातीची. विहिरीच्या पाइपलाइनीवर आपण चाक फिरवून उघडायचा गेट व्हॉल्व्ह लावतो. स्वच्छ पाण्याला तो उत्तम. पण त्याच्या तळाशी पाचर बसायची खाच असते. मैल्यातला गाळ, कागद, खडा त्या खाचेत बसला की पाचर पूर्ण खाली येत नाही आणि कॉक टिपटिप गळत राहतो. बागेच्या नळासारखा, आतून वळणे घेत जाणारा कॉक तर मैल्याला मुळीच नको. तो पहिल्याच दिवशी तुंबेल. बटरफ्लाय व्हॉल्व्हची चकती उघडल्यावरही वाटेत आडवी उभी असते आणि तिला चिंध्या, कागद अडकतात.

उरले दोन. एक बॉल व्हॉल्व्ह. दांडी पाव फेरा फिरविली की उघडतो. दांडी पाइपाच्या रेषेत असली की उघडा, आडवी असली की बंद. हे दुरूनही दिसते, हा त्याचा मोठा गुण. पण घेताना गोळ्याचे भोक पाइपाएवढे पूर्ण आहे की नाही हे बघून घ्या. स्वस्त मालात बाहेरून तीन इंच आणि आत भोक बारीक, असा प्रकार असतो. शिवाय गोळ्याच्या मागच्या पोकळीत घाण अडकून वाळते आणि मोठ्या मापाचा कॉक पुढे जड जातो. सांडपाण्याच्या टाकीला हा खुशाल लावावा.

दुसरा सरकत्या पात्याचा. एक पातळ पाते दोन रबरी कड्यांच्या मध्ये आडवे सरकते. ओढले की वाट पूर्ण मोकळी, लोटले की पाते मैला कापीत बंद होते. घरगाड्यांत सर्रास हाच असतो. मैल्याच्या टाकीला माझ्या मते हाच योग्य. कडा झिजल्या तर चार बोल्ट काढून नव्या घालता येतात. म्हणून कॉक घेतानाच कड्यांचा एक जादा जोड घेऊन ठेवावा.

तिसरी गोष्ट धातूची. ‘जड बिडाचा घ्या, मजबूत असतो,’ असा सल्ला मिळेल. पण टाकीत दाब तो किती? एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला किलोच्या दहाव्या हिश्शाएवढा भरतो. म्हणजे दाबासाठी जड कॉकाची गरज नाही. खरा शत्रू गंज आहे. मैल्यातले वायू आणि सफाईची ॲसिडे लोखंड खातात, पितळही काळवंडवतात. म्हणून अंग चांगल्या प्लास्टिकचे, आणि पाते व दांडा प्लास्टिकचा किंवा न गंजणाऱ्या पोलादाचा असावा. पाते जड जाऊ लागले तर सिलिकॉनचे वंगण लावा. गाडीचे ग्रीस किंवा ऑइल काही जातींच्या रबराला फुगवते आणि कडी निकामी होते.

चौथी गोष्ट जागेची. कॉक टाकीच्या सर्वांत खालच्या बिंदूशी असावा आणि टाकीच्या तळाला त्या बाजूला उतार असावा. तो चाकाजवळ किंवा सांगाड्याच्या बाहेर लोंबता नसावा, नाहीतर खड्ड्यातला एक दगड पुरे. दांडी मात्र माणसाला उभ्याने, एका बाजूला राहून ओढता येईल इतकी लांब घ्यावी. कॉकाच्या पुढे झाकणही लागते. कॉक गळला तरी झाकण धरते. जत्रेत मुले दांडी ओढून बघतात, तेव्हा दांडीला कुलूप घालण्याची सोय असावी.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पुष्कळ ठिकाणी ही शौचालये शाळेच्याच पटांगणात उभी राहतात. तेव्हा एक साधी परीक्षा तुम्हीच घ्यावी. ट्रॉली आली की मैला पडण्याआधी टाकीत स्वच्छ पाणी भरायला सांगा, कॉक बंद करा आणि झाकण काढून खाली कोरडा कागद रात्रभर ठेवा. सकाळी कागद कोरडा, तर ट्रॉली पास. ओला झाला तर परत पाठवा. पावसाच्या दिवसांत वरून आडोसा करायला मात्र विसरू नका.

वापराचेही दोन नियम आहेत. एक, मैल्याच्या टाकीचा कॉक पाइप जोडून सदा उघडा ठेवू नये. तसे केले तर पाणी निघून जाते आणि घट्ट भाग मागे राहून त्याचा ढिगारा वाळतो. टाकी दोन तृतीयांश भरली की एकदम उघडावी. लोंढ्याबरोबर सारे निघून जाते. दोन, टाक्या दोन असतील तर आधी मैल्याची रिकामी करावी, तिचा कॉक बंद करावा, मग सांडपाण्याची सोडावी. पाइप आपोआप धुतला जातो. आणि हे सारे मैलाशुद्धीकरण केंद्रात किंवा उपसणाऱ्या गाडीतच सोडायचे; ओढ्यात, नदीत नव्हे. चंद्रभागेच्या वाटेवर चालणाऱ्यांनी भीमेच्या खोऱ्यात घाण सोडावी, हे कोणत्या पुण्यात बसते?

गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावे झाडीत असत. ते १९५६ साली गेले. आपण त्यांचे नाव घेतो, तेव्हा खराटा धरणाऱ्या हाताचीही काळजी घ्यावी. ग्रामपंचायतीच्या सभेत अशा ट्रॉलीचे दरपत्रक आले, तर रंग कोणता हे मागाहून विचारा. आधी विचारा, ‘कॉक कोणत्या जातीचा? किती इंची? आणि तो तुंबला तर टाकीत हात न घालता कसा मोकळा करायचा?’ तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर सही करू नका.