पारदर्शकतेची पारख



आपल्या सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी दिसले. त्या सुमारास त्यांच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजले होते, नेत्रभिंगाला तडा गेला होता. भिंग स्वच्छ असणे किती मोलाचे, हे यावरून ध्यानी यावे. आज भिंगे पुसण्यास पुष्कळदा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. तेलकटपणा विरघळवून ते डाग न ठेवता उडून जाते. सुई टोचण्यापूर्वी त्वचेवर फिरणाऱ्या गार बोळ्यातही तेच असते. जंतुनाशासाठी मात्र शुद्ध द्रवाहून ७० टक्क्यांचे मिश्रण प्रभावी, कारण प्रथिने गोठविण्यास पाण्याचे साह्य लागते.

हा द्रव दिसावयास पाण्यासारखाच. परंतु पाण्याचा अपवर्तनांक १.३३, याचा १.३८, म्हणजे प्रकाश यात अधिक वाकतो. विषारी मिथेनॉलचा अंक मात्र पाण्याच्या अगदी निकट! नुसत्या डोळ्यांना तिन्ही सारखीच. म्हणून बाटलीवर नाव हवे, आणि ती ज्योतीपासून दूर हवी.

निर्मळ दिसणारे सारेच निरुपद्रवी नसते. पाहिलेले पारखून घेण्याची सवय विद्यार्थ्यांत रुजविणे, हीच आजच्या स्मृतिदिनी गुरुजींना आदरांजली होय.