उत्सर्जनाच्या बाजारात वनांचे स्थान

आजच्या विषयाचा आरंभ एका गणिताने करणे सोयीचे होईल. झाडाच्या खोडात एक टन कार्बन साठतो तेव्हा हवेतील सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड शोषला गेलेला असतो. हे गणित वनशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होते. १९९७ सालच्या क्योतो करारानंतर त्याला बाजारभाव आला. औद्योगिक राष्ट्रांनी विकसनशील देशांत वृक्षलागवड करवावी आणि तिचे श्रेय आपल्या खाती मांडावे, अशी वाट त्या कराराने खुली केली.

वाट खुली झाली खरी, पण अरुंद. २००१ साली माराकेश येथे ठरले, की केवळ नवी लागवड ग्राह्य धरावी. उभे जंगल राखणाऱ्याच्या पदरी काहीच पडले नाही. शिवाय आधारवर्षातील उत्सर्जनाच्या दरसाल एक टक्क्याहून अधिक श्रेय कोणत्याही राष्ट्रास या मार्गाने घेता येणार नव्हते.

खरी अडचण निराळीच होती. न जाळलेला कोळसा जमिनीतच राहतो. झाड मात्र वणव्यात जळते, कुऱ्हाडीखाली जाते, आणि साठलेला कार्बन पुन्हा हवेत मिसळतो. म्हणून २००३ साली मिलान येथे वनांची श्रेयपत्रे मुदतीची करण्यात आली. मुदत सरली की खरेदीदाराने त्यांच्या जागी दुसरी भरावयाची. हा तोडगा प्रामाणिक होता. व्यवहारी मात्र नव्हता. काही वर्षांनी निरुपयोगी होणारा कागद पुऱ्या दामाने कोण घेणार? त्यातच २००५ साली सुरू झालेल्या युरोपीय बाजाराने या श्रेयपत्रांना दार बंद केले, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईकच नाहीसे झाले.

याची झळ कोणाला लागावी? हरियाणातील सिरसा जिल्ह्यात सरकत्या वाळूच्या टेकड्यांनी ग्रासलेल्या सुमारे ३७० हेक्टर खाजगी जमिनीवर शेतकऱ्यांनी सहकाराने लागवड केली. २००९ साली तिची आंतरराष्ट्रीय नोंदणी झाली. असे श्रेय वीस-तीस वर्षांच्या हिशेबाने मिळते. तेवढा काळ जमीन गुंतून राहते. भाव मात्र दूरच्या राजधान्यांत ठरतो, आणि २०१२ नंतर तो कोसळला. वाळू थोपवणे आणि लाकूडफाटा हे लाभ शेतकऱ्याच्या हाती उरतात. पण त्यांची नोंद त्या श्रेयपत्रावर नसते.

न्यूझीलंडने २००८ साली वने थेट आपल्या बाजारात आणली आणि जोखीम खरेदीदाराऐवजी वनमालकावर टाकली. तोडणी झाल्यास घेतलेले श्रेय त्याला परत करावे लागे. तेथे श्रेय विकले गेले, आणि पाइनची लागवड कुरणांवर सरकू लागताच मेंढपाळांची तक्रारही उभी राहिली.