टिपेची दुरुस्ती

भंडारदऱ्याला १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाखालून निघालेली प्रवरा नेवाशाला वळसा घालून पुढे गोदावरीला मिळते. त्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आणि सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी पोथ्या ताडून तिचा पाठ शुद्ध केला. शिरलेले अपपाठ तेवढे काढले, आणि स्वतःची ओवी कोणी त्यात घालू नये असेही बजावून ठेवले. आज ज्या कामाविषयी तुमच्याशी बोलायचे आहे ते याच जातीचे. पोथी तेवढी निराळी.

लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली 'लिनक्स' ही संगणक चालवणारी प्रणाली सुरू केली. तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल तर त्याचा गाभाही तीच. तिचा मजकूर कोणीही वाचावा, दुरुस्ती सुचवावी. त्यात यंत्रासाठी आज्ञा असतात आणि मधूनमधून माणसांसाठी टिपा. यंत्रभाषेत उतरताना टिपा गळून जातात. मग एखादी चुकली तर बिघडले कुठे? यंत्राचे काही नाही. पुढे वाचणाऱ्याचे बिघडते.

नवखी मुले पुष्कळदा येथूनच सुरुवात करतात. कुठे एक शब्द दोनदा पडलेला, कुठे फंक्शनचे नाव बदलले तरी टिपेत जुनेच राहिलेले. त्यात कमीपणा काही नाही. टिपांखेरीज दुसरे काही हलले नाही ना, एवढे तपासणाऱ्याने आधी पाहावे. दोन्ही यंत्ररूपे ताडली की ते बहुधा कळते. (बहुधा म्हणतो, कारण ओळींचे क्रमांक सरकल्यानेही कधी कधी फरक दिसतो.)

खरी मेख पुढेच आहे. समजा, टीप म्हणते, 'हे फंक्शन वापरण्यापूर्वी कुलूप लावलेले असावे.' कुलूप म्हणजे दोन कामांनी एकच माहिती एकाच वेळी बदलू नये म्हणून केलेली अडवणूक. नवखा पाहतो, तर कुलूप कोणी लावीतच नाही. टीप जुनी झाली म्हणून तो ती खोडून पाठवतो. पण चूक टिपेची की आज्ञेची? कदाचित टीपच खरी असेल, कुलूप लावायचे राहून गेले असेल! अशी चूक रोज दिसत नाही. दोन कामे नेमकी एका क्षणी आली म्हणजे माहिती बिघडते, आणि का बिघडली ते सापडता सापडत नाही. ती टीप खोडली तर चुकीचा एकमेव साक्षीदार गेला म्हणायचा. म्हणून आधी इतिहास उघडावा. २००५ साली आलेल्या 'गिट' या साधनात प्रत्येक बदल कोणी केला, कधी केला, हे राहते. का केला, तेही पुष्कळदा लिहिलेले सापडते.

निव्वळ नटवण्यासाठी केलेले बदल मात्र मी तरी परत पाठवीन. 'ही ओळ शेवटी कोणी बदलली?' असे विचारले की साफसफाई करणाऱ्याचेच नाव पुढे येते, आणि मूळ कारण शोधायला आणखी एक पायरी मागे जावे लागते. परत पाठवताना दोन ओळी कारण लिहावे. पटले, तर बदलाखाली 'तपासले' म्हणून आपले नाव घालावे. लिहिणाऱ्याची सही तेथे आधीच असते.