कामावर जाताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



'नोकरीवर जाणाऱ्या मुलींचा पोशाख व रीतभात' हा विषय चिटणीसबाईंनी मला दिला तेव्हा मी थोडी बिचकलेच. पोशाखावर बोलायला जी बाई उभी राहते, तिच्या बोलण्याआधी तिच्या साडीची परीक्षा होते, आणि ती आपण एव्हाना केलीही असेल. पण आपल्या भागातल्या काही मुली यंदा मुलाखतींना जाणार आहेत, कोणी वाळूजला, कोणी शेंद्र्याला, कोणी बँकेत, असे त्यांनी सांगितले. मग मला नाही म्हणवेना.

माझी पहिली मुलाखत १९८२ सालची. घरच्यांच्या आग्रहाने मी वहिनींची रेशमी साडी नेसले होते. साडी उंची, पण निसरडी. सगळा वेळ एक हात पदरावर आणि सगळे चित्त खांद्यावरच्या पिनेवर. समोरच्या गृहस्थांनी काहीतरी विचारले, ते मला ऐकूच आले नाही. त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा मी घाईने भलतेच उत्तर दिले. नोकरी मिळाली नाही, हे सांगायला नकोच. घरी येऊन मी साडीची घडी घातली आणि खूप रडले. शेजारी एक शिक्षिकाबाई राहत. त्या शाळेत सायकलवर जात. त्या म्हणाल्या, "अगं, जे नेसून तुला सायकलवर बसता येत नाही, ते नेसून परीक्षेला कशाला बसलीस?" त्या दिवशी हे बोलणे मला झोंबले. पुढच्या मुलाखतीला मात्र मी माझी स्वतःची, दहा वेळा धुतलेली सुती साडी नेसून गेले.

ही अडचण एकटीची नव्हे आणि आजची तर नव्हेच. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या, त्याआधी त्यांनी श्रीरामपूरला, म्हणजे कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला, भर सभेत आपण हिंदू म्हणूनच जाणार आणि आपला आचार सोडणार नाही असे सांगितले होते. वय अठराचे. पण फिलाडेल्फियाची थंडी काही सभेला आलेली नव्हती! नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, आणि तिकडे हिवाळ्यात बर्फ पडते. तेव्हा आनंदीबाईंनी काय केले? साडी सोडली नाही. नेसण्याची पद्धत बदलली. गुजराती पद्धतीने, पाय झाकतील अशी साडी त्या नेसू लागल्या. १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली या तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशच्या वेषात त्यात आहेत. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली आणि पुढच्याच फेब्रुवारीत त्या गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. ते छायाचित्र पाहिले की मला पुन्हा पुन्हा वाटते, काय धरून ठेवायचे आणि काय बदलायचे हे या मुलीने स्वतः ठरवले. तिच्यासाठी ते कोणी ठरवून दिले नाही.

हे ठरवून देणारे मात्र नेहमीच पुष्कळ असतात. १९४८ च्या कारखाने कायद्यात बाविसावे कलम होते. चालू यंत्राची तपासणी खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावी, त्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत, आणि ते कपडे मालकाने पुरवावेत, असे त्यात म्हटले होते. पदर यंत्रात अडकेल ही भीती खोटी नव्हती. परंतु घट्ट कपडे बाईच्या मापाचेही शिवता येतात, हे कायदा करणाऱ्यांना सुचले नसावे! तो कायदा आता मागे पडला आहे. तेव्हा ज्या मुली कारखान्यात यंत्रापाशी उभ्या राहणार आहेत, त्यांच्या आयांना माझे हात जोडून सांगणे आहे, की तिथे ओढणी नको, बांगड्या नकोत, केस घट्ट बांधलेले हवेत, आणि शर्ट-पँटवर नाक मुरडू नका. तिथे मर्यादा म्हणजे दहाही बोटे शाबूत घरी येणे.

कचेरीचे तंत्र निराळे. आपल्या शहरात ऑगस्ट १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले. तिथल्या वकीलबाईंच्या पोशाखाला नियम आहेत: पांढरी, काळी किंवा सौम्य रंगाची, नक्षी नसलेली साडी, किंवा सलवार-कुडता; त्यावर काळा कोट आणि गळ्याला पांढरे बँड. सरकारी कचेऱ्यांसाठीही डिसेंबर २०२० मध्ये परिपत्रक निघाले. भडक रंग नकोत, चित्रविचित्र नक्षी नको, पायात स्लिपर नकोत, शुक्रवारी खादी घालावी, असा त्याचा रोख होता. नियम लिहिलेला असला की एक बरे असते. गरीब घरच्या मुलीला अंदाज बांधत बसावे लागत नाही. पैठण इथून ५० किलोमीटरांवर, आणि हिमरू तर आपल्या गावचेच. दोन्हींचा मला अभिमान आहे. पण ती लग्नाकार्यात शोभतात. मुलाखतीला दोन जोड पुरतात, धुतलेले, इस्त्री केलेले, मापात बसणारे. नवे विकत घेण्यापेक्षा जुन्याची शिवण सारखी करून घ्यावी.

आणि हो, पुरुषाने एकच पांढरा शर्ट आठवड्यात तीनदा घातला तर तो साधा माणूस ठरतो; बाईने तीच साडी दोनदा नेसली की शेजारच्या टेबलावरची बाईच विचारते, "कालचीच ना?" हा प्रश्न आपण बायकांनी तरी विचारू नये. मीही पूर्वी विचारला आहे, म्हणून सांगते.

रीतभातीचे फार सांगत नाही. वेळेच्या आधी पोचावे, आत शिरताना मोबाइल बंद करावा, नमस्कार केला तरी चालतो आणि समोरून हात पुढे आला तर हात मिळवायलाही हरकत नाही. शिपायालाही 'अहो' म्हणावे. एक गोष्ट मात्र माझ्या मनात वर्षानुवर्षे आहे. एकाच हुद्द्याची दोन माणसे शेजारी बसतात. येणारा माणूस एकाला 'साहेब' म्हणतो आणि दुसरीला 'ताई'. ताई हा शब्द गोड आहे, त्यावरून भांडू नये. पण कागद साहेबांकडे जातो आणि ताईंना "साहेब कधी येतील?" असे विचारले जाते, तेव्हा गोडवा संपतो. मी एक सवय लावून घेतली होती. कोणी आले की आधी आपले पूर्ण नाव आणि काम सांगायचे, "बसा, काय काम आहे?" म्हणायचे आणि कागदासाठी हात पुढे करायचा. मग त्याने ताई म्हणावे की बाई, काम माझ्याकडेच होई. मुलींना हे घरी शिकवावे लागेल, कारण घरात पाहुणे आले की आपण त्यांना आतल्या खोलीत पाठवतो.

आता माझी मंडळाला एक विनंती. येत्या शनिवारी दुपारी चार वाजता हे सभागृह या मुलींसाठी उघडे ठेवावे. ज्या कपड्यांत मुलाखतीला जायचे, तेच कपडे आणि त्याच चपला घालून त्यांनी यावे. जिना चढावा, खुर्चीवर बसावे, उठावे, अर्ज लिहावा. आपल्यातल्या तिघींनी टेबलामागे बसून प्रश्न विचारावेत, आणि थोडे कठोरपणे विचारावेत. शिवणवर्गाच्या भगिनींनी सुईदोरा आणि टाचण्या घेऊन बसावे. इस्त्री मी माझी घेऊन येईन. फक्त भिंतीतले ते बिघडलेले बटण त्याआधी कोणीतरी दुरुस्त करून घ्या.