कालव्यावरील समन्वय आणि विलंबाचा प्रश्न

मलप्रभा नदी खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या डोंगरात उगम पावते. सौंदत्तीजवळ नवीलुतीर्थ येथे १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या धरणात तिचे पाणी अडविले जाते. हुबळी-धारवाडच्या नळांना या साठ्यातून पाणी मिळते. नवलगुंद-नरगुंदच्या काळ्या जमिनीही त्याकडेच डोळे लावून असतात.

अशा कालव्यावर निर्णय घेणारे हात अनेक असतात. धरणावरील अभियंता, वितरिकेवरील कर्मचारी, चारीवरील शेतकरी, यांतील प्रत्येकास आपल्यापुरतीच पातळी दिसते. वर उघडलेल्या दाराचा परिणाम खाली दिसण्यास कित्येक तास, लांबच्या टोकाशी त्याहूनही अधिक काळ लागतो. पाणी आले नाही असे पाहून खालचा मनुष्य पुन्हा मागणी करतो आणि वरचा दार आणखी उघडतो. मग दोन्ही वेळचे पाणी एकदम येते व चारी फुटते. घाईने दार मिटले की टोकाचे शेत कोरडे राहते. हेतू कोणाचाच वाईट नसतो. उशिरा कळलेल्या माहितीवर उतावळी कृती झालेली असते.

नियंत्रणशास्त्रात हा प्रश्न ‘विलंबयुक्त एकमत’ म्हणून अभ्यासला जातो. ओल्फाती-साबेर आणि मरे यांनी २००४ मध्ये गणिताने दाखविले की, प्रत्येक घटकाने शेजाऱ्याशी तुलना करून थोडी थोडी दुरुस्ती केल्यास मध्यवर्ती हुकमावाचूनही सर्व एका मूल्यावर येतात. मात्र विलंब ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास एकमत होत नाही, चढउतार वाढतच जातात. दुरुस्ती जितकी तीव्र, तितका सहन होणारा विलंब कमी.

कालव्यावर यातून तीन नियम निघतात. प्रत्येक टप्प्यात पाणी पोहोचण्यास लागणारा वेळ मोजून ठेवावा. दार टप्प्याटप्प्याने हलवावे आणि तेवढा वेळ थांबून पुढचा निर्णय घ्यावा. सोडलेले पण अद्याप वाटेत असलेले पाणी हिशेबात धरावे.

पुराच्या वेळी हेच नियम अधिक कठोरपणे लागू होतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णाखोऱ्यात सांगली-कोल्हापूरपासून उत्तर कर्नाटकापर्यंत महापूर आला. कोयना महाराष्ट्रात आणि अलमट्टी कर्नाटकात असली, तरी पाण्यास राज्याची सीमा नसते. म्हणून विसर्गाची आगाऊ सूचना दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी एकमेकांस देणे अगत्याचे ठरते.

लहान चारीवर एवढेच काम एका नोंदवहीने आणि दूरध्वनीने होऊ शकते. किती पाणी केव्हा सोडले हे खालच्या गावास वेळीच कळविले, तर टोकाच्या शेतकऱ्याचे पीक वाचण्याची आशा राहते.