पदवीचा कस आणि शाळेचा वर्ग
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



हीरक महोत्सवात शाळेचे गुणगान करण्याची रीत आहे आणि या शाळेचे गुण गाण्यासारखे आहेतही. परंतु माझ्याआधीच्या वक्त्यांनी ते काम उत्तम केले आहे. माझी हयात महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. म्हणून उच्च शिक्षणातील उणिवा शाळेच्या वर्गापर्यंत कशा पोहोचतात, याविषयी आज बोलावे असे वाटते.

‘शाळेतून मुले कच्ची येतात’ ही तक्रार महाविद्यालयांच्या शिक्षकदालनात नित्य ऐकू येते. त्याच मुलांपैकी काही जण पदवी घेऊन, बी.एड. करून पुन्हा शाळेतच शिक्षक होतात, याची चर्चा तेथे सहसा होत नाही.

भिलाईच्या मुलाला झोतभट्टी पुस्तकाआधी घरातच भेटते. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याहून येते, चुनखडी नंदिनीच्या खाणीतून येते, हे त्याने वडिलांकडून ऐकलेले असते. समजा, त्याने वर्गात विचारले, ‘सर, लोखंड काढायचे, तर भट्टीत चुनखडी कशाला?’ उत्तर अवघड नाही. तापलेल्या चुनखडीचा चुना होतो, खनिजातील सिलिकेशी त्याचा संयोग होऊन मळी बनते. ती हलकी असल्याने वितळलेल्या लोखंडावर तरंगते आणि वेगळी काढता येते. परंतु ज्या शिक्षकाने पदवीची वर्षे दुसऱ्याच्या प्रयोगवहीतील आकडे उतरवण्यात घालवली, तो म्हणतो, ‘समीकरण पाठ करा, परीक्षेला येते.’ मुलगा पाठ करतो, गुणही मिळवतो. मात्र पुन्हा प्रश्न विचारत नाही. हे नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेवर उमटत नाही.

बहिःस्थ परीक्षक म्हणून जात असताना, अंतिम वर्षाला येऊन ब्युरेट प्रथमच हाती घेणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांना अनुत्तीर्ण केले तर निकाल घसरतो आणि निकाल घसरला की प्रवेश घटतात. मग सर्वांच्या सोयीने सारे उत्तीर्ण होतात.

आपल्या राज्यात तर याहून विलक्षण प्रकार घडला. छत्तीसगढ १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि २००२ मध्ये खासगी विद्यापीठांचा कायदा झाला. त्याखाली पाहता पाहता ११२ विद्यापीठे कागदावर उभी राहिली. अनेकांपाशी ना इमारत होती, ना ग्रंथालय, ना प्रयोगशाळा; पदवी देण्याचा अधिकार मात्र होता. प्रा. यशपाल यांनी या कायद्याला आव्हान दिले. ११ फेब्रुवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातील मुख्य कलमे रद्द केली आणि त्या विद्यापीठांचे अस्तित्व संपले. विद्यार्थ्यांचे हित जपण्यासाठी राज्यातील संस्था प्रचलित विद्यापीठांशी जोडून घेण्यासही न्यायालयाने सांगितले.

हा लढा यशपाल यांनीच द्यावा, यात एक संगती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे ते माजी अध्यक्ष. पण शालेय मुलांच्या दप्तराच्या ओझ्याविषयीची समितीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली होती. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक असते, असे त्या समितीने १९९३ च्या अहवालात म्हटले. शिक्षकांची अपुरी तयारी आणि पत्रद्वारा मिळणारे बी.एड. यांवरही तिने नेमके बोट ठेवले. विद्यापीठ आणि प्राथमिक शाळा हे त्यांच्या लेखी दोन निरनिराळे प्रश्न नव्हतेच.

हे छत्तीसगढपुरतेच, असे मानून महाराष्ट्रातील आपल्या आप्तांनी निश्चिंत राहू नये. तेथील डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच जुन्या मध्य प्रदेशात सापडते. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ खेड्यातील शिक्षकांबरोबर बसून प्रयोग करीत. मुले स्वतः प्रयोग करीत आणि परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा असे. पुढे हे काम सुमारे हजार शाळांत पोहोचले. २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने ते बंद केले. शेजारच्या राज्यात खोलीवजा विद्यापीठांचा कायदा झाला, तेही हेच वर्ष!

आज येथे आलेल्या माजी विद्यार्थ्यांत अभियंते आहेत, प्राध्यापक आहेत. त्यांनी महिन्यातील एक शनिवार शाळेला द्यावा. मुलांपुढे व्याख्यान देण्यासाठी नव्हे, तर शिक्षकांबरोबर प्रयोगाच्या टेबलाशी बसण्यासाठी. ज्या शिक्षकाला महाविद्यालयाने काही दिले नाही, त्याला दोष देऊन आपल्या मुलांचे भले होणार नाही. पालकांनीही मुलाला किती गुण मिळाले, याबरोबर त्याने आज काय विचारले, याची चौकशी करावी.

महोत्सवी निधीतून प्रवेशद्वारी कमान उभारण्याचा विचार चालू असल्याचे कानावर आले. कमानीला माझा विरोध नाही. मात्र पदाधिकाऱ्यांनी त्याआधी एकदा प्रयोगशाळेचे कपाट उघडावे, चालू स्थितीतील ब्युरेट आणि सूक्ष्मदर्शक मोजावेत, आणि मग अंदाजपत्रक करावे, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.