खेळ आणि खेळाची मांडणी

खेळानें मुलांच्या अंगीं शिस्त, धैर्य व बंधुभाव बाणतो, असें वारंवार सांगण्यांत येतें. हें विधान अर्धेंच खरें आहे. खेळ हा पाण्यासारखा आहे. ज्या पाटानें न्यावा त्या पाटानें तो जातो. याचा पुरावा युरोपांतील पूर्वीच्या युगोस्लाव्हिया देशाच्या इतिहासांत दोन्ही बाजूंनीं सांपडतो.

१३ मे १९९० रोजीं झाग्रेब शहरांत तेथील दिनामो आणि बेलग्रेडचा रेड स्टार या दोन संघांचा फुटबॉलचा सामना ठरला होता. एका संघाचे पाठीराखे क्रोएट, तर दुसऱ्याचे सर्ब. सामन्याऐवजीं तेथें दंगल झाली आणि अनेक माणसें जखमी झालीं. चेंडू तोच होता, नियमही तेच होते. परंतु पाठीराख्यांची वांटणी वंशावरून झालेली होती.

दोनच वर्षांनीं याच देशाचा एक भाग असलेल्या बोस्नियांत युद्ध पेटलें. १९९२ ते १९९५ या काळांत तेथें सुमारें एक लाख माणसें मृत्युमुखीं पडलीं आणि वीस लाखांहून अधिक लोक घरादारास मुकले. बोस्नियाक, सर्ब व क्रोएट हे एकमेकांस सहज समजणारी भाषा बोलणारे शेजारी. परंतु तह झाल्यावरही त्यांचीं मुलें एकमेकांस अनोळखीच राहिलीं.

अशा भूमींत १९९८ सालीं अँडर्स लेविन्सन या डॅनिश गृहस्थांनीं मुलांसाठीं फुटबॉलचीं शिबिरें सुरू केलीं. ते स्वतः फुटबॉलपटू होते, आणि युद्धकाळांत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित-साहाय्याच्या कामानिमित्त त्यांनीं तो प्रदेश जवळून पाहिला होता. ‘ओपन फन फुटबॉल स्कूल्स’ या नांवानें हीं शिबिरें ओळखलीं जातात. शिबिर साधारणतः पांच दिवसांचें असतें. सात ते बारा वर्षांच्या आंतबाहेरचीं सुमारें दोनशें मुलेंमुली दिवसा मैदानावर जमतात आणि खेळ संपल्यावर घरीं परततात.

या शिबिरांचें मर्म त्यांच्या मांडणींत आहे. शिबिर एकाच गांवाचें नसतें. दुरावलेल्या शेजारच्या गांवांनीं तें मिळून भरवावयाचें असतें. त्यामुळें मुलांच्या आधीं मोठ्या माणसांना एकत्र बसावें लागतें. दोन्हीकडील शिक्षक बरोबरच प्रशिक्षण घेतात. संघ पाडतांना वंश पाहत नाहींत आणि खेळांतील कौशल्यही पाहत नाहींत. विजयापेक्षां आनंदास अधिक मान असतो.

आतां अशा संघांतील एखाद्या दहा वर्षांच्या मुलाची स्थिति डोळ्यांपुढें आणावी. चेंडू त्याच्या पायाशीं आहे आणि समोरची वाट अडलेली आहे. मोकळा गडी एकच, आणि तो पलीकडच्या गांवचा. चेंडू द्यावयाचा तर त्याला हांक मारली पाहिजे. हांक मारावयाची तर त्याचें नांव ठाऊक पाहिजे. आणि नांव कळावयाचें तर तें आधीं विचारलें पाहिजे. बंधुभावाचें व्याख्यान न देतां केवळ खेळाच्या निकडीनें तीन गोष्टी घडतात. आपली पाळी येईपर्यंत थांबणें, हरल्यावर न रुसणें, दुबळ्या गड्यास सांभाळून घेणें, हे गुणही याच रीतीनें अंगवळणीं पडतात. जीवनांत उपयोगी पडणारें शिक्षण तें हेंच.

अर्थात् पांच दिवसांच्या खेळानें युद्धाची जखम भरून येत नाहीं. त्या देशांत कित्येक ठिकाणीं एकाच इमारतींत बोस्नियाक व क्रोएट मुलांच्या दोन निरनिराळ्या शाळा भरत आल्या आहेत. दारें निराळीं किंवा वेळा निराळ्या. २०१८ सालच्या एका आंतरराष्ट्रीय अहवालांत अशा ५६ शाळा २८ ठिकाणीं असल्याची नोंद आहे. मैदानावर एकत्र धांवलेलीं मुलें पुनः दोन दारांनीं आंत जाणार असतील, तर मैदानाचें काम अपुरेंच राहतें. तथापि पलीकडच्या दारानें जाणाऱ्या एका मुलाचें नांव ज्याला ठाऊक आहे, त्याला ‘ते सगळे तसलेच’ हें वाक्य पूर्वीइतकें सहज पटत नाहीं. लाभ एवढाच, पण तो लहान नव्हे.

हा प्रश्न परक्यांचाच आहे असें मराठी श्रोत्यांनीं समजूं नये. मुंबईंत हिंदु, पारशी, मुसलमान, युरोपियन असे धर्मावरून व वंशावरून पाडलेले क्रिकेटचे संघ वर्षानुवर्षें खेळत असत. त्या सामन्यांना अलोट गर्दी लोटे. परंतु समाजाची फूट मैदानावर मांडणें बरें नव्हे असा आक्षेप पुढें बळावला. १९४० सालीं महात्मा गांधींनींही तो स्पष्ट शब्दांत मांडला. अखेर १९४६ सालीं ते सामने बंद झाले.

म्हणून जो शिक्षक सुटींत मुलांसाठीं खेळांचें शिबिर भरवूं पाहतो, त्यानें चेंडू किती व बक्षिसें किती याचा हिशेब मागाहून करावा. कोणतें मूल कोणाच्या शेजारीं उभें राहणार, याचा विचार त्यानें आधीं करावा. एका आळीचीं, एका ज्ञातीचीं मुलें एकाच संघांत घातलीं, तर घरची भिंत मैदानावरही उभी राहते. तीं मिसळून घातलीं, तर ज्याचें नांव कधीं विचारलें नव्हतें, त्यालाच हांक मारण्याची वेळ येते.